भुकेल्याचा होकार

भिलाईत चर्च कुठून आली, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ती पोलाद कारखान्याबरोबर आली. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि केरळ, आंध्र, ओडिशा, बंगालमधून आलेल्या माणसांनी आपापले देवही बरोबर आणले. आपण मराठी माणसांनी गणपती आणला, तसे त्यांनी क्रूस आणले. त्यांच्या उगमाबद्दल कुणी हटकत नाही. हटकले जाते ते छत्तीसगडातल्या दुसऱ्या, जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांना, ज्यांचा जन्म दवाखाना, शाळा आणि अनाथालय यांच्या अंगणात झाला. भाकरी दिली आणि धर्म घेतला, हा त्यांच्यावरचा आरोप शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. त्या आरोपाचा निवाडा त्या मंडळ्यांच्याच श्रद्धेच्या कसोटीवर करून पाहावा, असे मला वाटते, कारण ती कसोटी कायद्याच्या कसोटीपेक्षा कडक आहे. त्यासाठी मी भिलाईहून जवळच असलेल्या धमतरीची मेनोनाइट मंडळी निवडली आहे.

या पंथाचा उगम स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरातला, २१ जानेवारी १५२५ चा. त्या काळच्या युरोपात मूल जन्मले की थोड्याच दिवसांत त्याचा बाप्तिस्मा होई. त्याच नोंदीने ते राज्याचे प्रजाजन होई आणि धर्माचे अनुयायीही. राजाचा धर्म तो प्रजेचा धर्म. झुरिकच्या मूठभर तरुणांनी म्हटले, ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकाराला अर्थ आहे. तान्ह्या मुलाला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. त्या दिवशी कॉनरॅड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला प्रौढपणी बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांत, ५ जानेवारी १५२७ रोजी, त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला झुरिकच्या सरकारने हातपाय बांधून लिमाट नदीत बुडवले. त्याच वर्षी श्लाइटहाइमच्या जाहीरनाम्यात त्यांनी लिहून ठेवले की आम्ही शस्त्र धरणार नाही आणि शपथ घेणार नाही. पुढे १५३६ मध्ये मेनो सायमन्स हा डच पाद्री त्यांना येऊन मिळाला आणि पंथाला त्याचे नाव पडले. छळामुळे त्यांची एक धार पेनसिल्व्हेनियात गेली. दुसरी रशियात गेली, आणि तिथे सक्तीच्या लष्करभरतीचे सावट आले तेव्हा १८७४ पासून कॅन्ससच्या गव्हाच्या रानात उतरली.

त्यांच्या घरोघरी सांगितली जाणारी एक घटना १५६९ ची, हॉलंडमधल्या अस्पेरन गावची आहे. डर्क विलेम्स नावाचा पंथीय कैदेतून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळत होता. कोठडीतल्या तुटपुंज्या अन्नाने तो हडकला होता, म्हणून बर्फाने त्याला पेलले. मागून धावणारा शिपाई मात्र बर्फ फुटून पाण्यात गेला. डर्क मागे वळला, त्याने हात देऊन शिपायाला बाहेर ओढले, तिथेच पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला. यान लाउकेन या चित्रकाराने १६८५ साली कोरलेल्या चित्रात डर्क गुडघ्यांवर वाकलेला आहे आणि त्याचे दोन्ही हात भोकाकडे पसरलेले आहेत. बुडणाऱ्याला हात देताना त्याने काही अट घातली नाही, त्याला उपदेशही केला नाही. मेनोनाइटांच्या लेखी सेवा म्हणजे हे. सेवा हे श्रद्धेकडे नेणारे साधन नाही, ती श्रद्धेचेच शरीर आहे. धमतरीच्या वाटेवर निघताना हे चित्र विसरून चालणार नाही, कारण धमतरीत ते जसेच्या तसे राहिले का, हाच प्रश्न आहे.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला तेव्हा अमेरिकेतल्या मेनोनाइट मंडळ्यांनी धान्य आणि पैसा गोळा केला आणि जॉर्ज लॅम्बर्ट यांना वाटपासाठी हिंदुस्थानात पाठवले. म्हणजे आधी धान्य आले, मिशन नंतर. १८९९ च्या अखेरीस जेकब रेसलर आणि विल्यम व ॲलिस पेज धमतरीत उतरले, ते थेट दुसऱ्या, अधिक भीषण दुष्काळात. छत्तीसगडच्या या भूमीला आपण धानाचा कटोरा म्हणतो, पण एकाच पिकावर जगणाऱ्या मुलखात पाऊस रुसला की कटोरा पालथा व्हायला एक मोसम पुरतो. रायपूर-धमतरी ही छोटी रेल्वे १९०० साली, ऐन त्या काळात, सुरू झाली. मिशनरींनी अन्न वाटले, सरकारी मदतीचे वाटपही त्यांच्या हातून झाले, आणि आईबाप गमावलेली शेकडो मुले त्यांच्या अनाथालयात आली. १९१० मध्ये धमतरीचा ख्रिस्ती दवाखाना उभा राहिला. तिकडे चांप्याला त्याच पंथाच्या दुसऱ्या शाखेचे पी. ए. पेनर यांनी १९०२ साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला.

आता कळीचा मुद्दा. धमतरीच्या पहिल्या मंडळीचे बहुतेक सभासद त्या अनाथालयातूनच आले. ही गोष्ट विरोधकांनी शोधून काढलेली नाही. जॉन लॅप या मेनोनाइट इतिहासकाराने १९७२ च्या आपल्या ग्रंथात ती स्वतःच मांडली आहे. ज्या पंथाचे हुतात्मे ‘नाही म्हणता न येणाऱ्याचा होकार खोटा’ म्हणत मेले, त्याच पंथाच्या पदरी इथे अशी मुले आली ज्यांना अन्न, छप्पर, अक्षर आणि प्रार्थना एकाच हातातून मिळत होती. ती वयाने तान्ही नव्हती, पण नाही म्हणण्याची जागा त्यांना कुठे होती? पुढे १९०६ मध्ये मिशनने बालोदगहान हे गाव विकत घेतले आणि मोठी झालेली मुले तिथे शेतीला लावली. मिशन मालगुजार झाले आणि सभासद त्याची कुळे. हेतू त्यांना पायावर उभे करण्याचा होता, यात मला शंका नाही. पण जमिनीचा धनी आणि आत्म्याचा पाळक एकच झाला, म्हणजे मंडळी सोडणे हा नुसता श्रद्धेचा निर्णय उरत नाही. याआधी १८६८ मध्ये ऑस्कर लोर यांनी विश्रामपूरला हीच घडण केली होती. फरक एवढाच की लोर यांच्या जर्मन परंपरेत तान्ह्यांचा बाप्तिस्मा चालत असे, म्हणून त्यांच्या तत्त्वाला एवढी ठेच लागली नाही. मेनोनाइटांच्या तत्त्वाला लागली, आणि ती मान्य केलीच पाहिजे.

मग नियोगी समितीचे म्हणणे खरे ठरते का? निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ साली आपला अहवाल दिला. शाळा, दवाखाने यांच्या आमिषाने सामुदायिक धर्मांतरे होतात, असा त्याचा सूर होता. १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने बळ, कपट आणि प्रलोभन यांनी होणाऱ्या धर्मांतरावर बंदीचा कायदा केला. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि म्हटले की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. अनेक ख्रिस्ती लोकांना हा निकाल टोचतो. पण फेलिक्स मान्झला विचारले असते तर तो म्हणाला असता की दुसऱ्याचे धर्मांतर कुणालाच करता येत नाही, माणूस करतो ते स्वतःचे. इथपर्यंत न्यायालय आणि झुरिकचे ते तरुण एका बाजूला आहेत. वाट फुटते ती पुढे. समितीच्या विचारात गरिबाचा प्रत्येक होकार आधीच विकला गेलेला असतो, आणि हे मला अजिबात मान्य नाही.

कारण समितीचा अहवाल आला त्याच वर्षी, १९५६ मध्ये, नागपुरात १४ ऑक्टोबरला लाखो गरीब माणसांनी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांना कुणी धान्य वाटले नव्हते. उलट अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या, त्या बौद्धांना परत मिळायला १९९० साल उजाडले. दलित ख्रिस्ती माणसाला तर १९५० च्या आदेशामुळे त्या आजही नाहीत. बाप्तिस्म्याने त्याच्या हाती काही पडत नाही, असलेले जाते. नारायण वामन टिळकांचे उदाहरण आपण अभिमानाने सांगतो. १८९३ मध्ये नागपूरहून आपल्या शेजारच्या राजनांदगावला नोकरीसाठी निघालेल्या या ब्राह्मण कवीला आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले, लक्ष्मीबाई दुरावल्या. तो होकार निर्भेळ होता. पण टिळकांचा तेवढा खरा आणि धमतरीच्या मजुराचा खोटा, असे म्हटले तर विवेकस्वातंत्र्य ही भरल्या पोटाची मक्तेदारी ठरते. पंडिता रमाबाईंनी याच मध्य प्रांतातून दुष्काळात मुली उचलून केडगावला नेल्या, तेव्हाही हाच प्रश्न होता. म्हणून प्रौढ गरीब आणि अनाथ मूल यांत भेद करावा लागतो. प्रौढाच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा त्याचा मान आहे. मुलाच्या शब्दासाठी मात्र थांबावे लागते, आणि धमतरीत पुरेसे थांबले गेले नाही.

आमिषाचा आक्षेप संख्येवरून खोडायचाही मोह होतो. सव्वाशे वर्षांत धमतरीची मंडळी काही हजारांपुढे गेली नाही, आणि दवाखान्यातून बरे होऊन गेलेल्यांत ख्रिस्ती फारच थोडे. यावरून आमिष नव्हतेच, असे काही जण म्हणतात. हा युक्तिवाद लंगडा आहे, कारण आमिष फसले तरी ते आमिषच राहते. मला संख्येपेक्षा पद्धत अधिक बोलकी वाटते. दवाखान्याच्या खाटेवर जात-धर्म विचारला जात नाही, आणि उपचाराच्या बदल्यात कुणाला मंडळीत यावे लागत नाही. डर्क विलेम्सचे चित्र इथे पुन्हा जुळते.

आणि बाप्तिस्म्याचा तो जुना नियम टिकून आहे. पाळकाचे मूलही जन्माने सभासद होत नाही. ते मोठे होते, शिकते, आणि स्वतः मागेल तेव्हाच त्याला मंडळीपुढे उभे करून विचारले जाते. दुष्काळात अनाथालयात आलेल्या एखाद्या मुलीची पणती आज तिथे उभी राहते. शिकलेली, पोटभर जेवलेली. पाळक विचारतो, आणि मंडळी तिच्या उत्तरासाठी थांबते.