भ्यालेल्या जिवाचा मुक्काम

माउली हो, कुत्र्यानं भाकरी पळवली नि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन मागं धावले, ही कथा आपण जाणताच. पण मेहरूण तलावाकाठी शेपूट पायांत घालून बसलेलं कुत्रं घरी आणलंत, तर त्याच्यामागं धावू नका. दगड खाल्लेला जीव तो. शांत कोपरा द्या. ठरल्या वेळी भाकरी-पाणी ठेवा नि बाजूला सरा. रेबीजची लस टोचून घ्या. एक दिवस ते आपणहून हात हुंगेल.

पुढं त्याला कायमचं घर मिळतं, आणि परीक्षा तिथं आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात भरतराजानं गंडकीत पडलेलं हरिणपाडस वाचवलं. दया चुकली नाही बरं का! पण अंतकाळीही ‘माझं पाडस’ सुटेना, म्हणून हरिणाचा जन्म आला.

आषाढीला मुक्ताईची पालखी निघते. वाटेतली गावं आपल्याला रात्रभर जेवू घालतात, निजवतात, नि पहाटे पंढरीच्या वाटेला लावतात. कुणी अडवून धरतं का? तसंच या मुक्या वारकऱ्याचं. ते कशाला भितं एवढं नव्या घरच्यांना सांगा, नि साखळी त्यांच्या हाती द्या. डोळे भरले तर भरू द्या.

बोला, रामकृष्ण हरि!