बीपीटीची जागा



इतिहासाच्या परिषदेचा स्वागताध्यक्ष कुणाला करतात, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहे. ज्याला इतिहासातलं बेताचंच कळतं, पण ज्याच्या ओळखीने सभागृह आणि जेवण दोन्ही परवडतं, त्याला. मी या नियमाला अपवाद नाही. तेव्हा माझगावात आपलं मनापासून स्वागत, आणि दुपारच्या पंगतीत सुरमई कमी पडली तर आधीच माफी.

यजमानाने आपल्या गावची एखादी गोष्ट सांगावी, अशी रीत आहे. माझी गोष्ट जमिनीची आहे. पी. डिमेलो रोडने चालत निघालात की एका अंगाला भिंत लागते, आणि ती संपता संपत नाही. भिंतीपलीकडची जागा कुणाची, असं कुठल्याही पानवाल्याला विचारा. तो मान वर न करता सांगेल, ‘बीपीटीची.’ म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टची. 2021 च्या कायद्यानंतर ट्रस्टचं नाव मुंबई पोर्ट अथॉरिटी झालं. पानवाल्याने ते अजून मनावर घेतलेलं नाही.

यातली बरीचशी जमीन मुळात जमीनच नव्हती. तिथे समुद्र होता, चिखल होता, आणि ओहोटीला होड्या टेकायच्या. 1858 च्या सुमाराला एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी निघाली. नावातला प्रेस म्हणजे छापखाना नव्हे, कापसाचे गठ्ठे दाबायचा प्रेस. 1862 मध्ये सरकारने या कंपनीशी करार केला. कंपनीने भराव घालून रेल्वेसाठी 100 एकर जागा सरकारला द्यायची, त्याबदल्यात 250 एकर स्वतःसाठी भरून घ्यायची. आजच्या बिल्डरांना हा हिशेब ओळखीचा वाटेल.

ते दिवसही तसेच होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईत पैशाचा पूर आलेला. समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेत होते. 1865 मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, भल्याभल्या पेढ्यांची दिवाळी निघाली. मराठीने दिवाळं आणि दिवाळी यांची अशी जवळीक का ठेवली असावी, हा प्रश्न मी भाषाशास्त्रज्ञांसाठी सोडतो.

एल्फिन्स्टन कंपनीच्या हातात मात्र बंदराचा मोक्याचा किनारा राहिला. शहराचा सगळा व्यापार एका खासगी कंपनीच्या धक्क्यांवर अवलंबून राहणार, ही धास्ती आता सरकारला वाटू लागली. अखेर 1870 मध्ये सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली. जो हक्क 1862 मध्ये आपल्या हाताने दिला, तोच आठ वर्षांनी पैसे मोजून परत घेतला! पुढे 26 जून 1873 रोजी पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि ही मिळकत त्याच्याकडे आली. कुलाब्याची ससून गोदीसुद्धा खासगी पैशातून 1875 मध्ये बांधली गेली, आणि चारच वर्षांत सरकारने तीही ट्रस्टसाठी विकत घेतली.

त्याच सुमाराला प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चाललं होतं. तिथे समुद्राच्या तळाखाली जुन्या जंगलाचे बुंधे सापडले. म्हणजे समुद्र हटवून जमीन केली म्हणावं, तर समुद्राच्याही आधी तिथे जमीन होती. सातबारा किती मागे न्यायचा, ते तुम्हीच सांगा.

पुढचं थोडक्यात. 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1888 मध्ये व्हिक्टोरिया, 1914 मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी. तिच्या खोदकामातून निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली आणि तिला ट्रस्टच्या पहिल्या अध्यक्षांचं, कर्नल बॅलार्ड यांचं, नाव मिळालं. ज्या मजुरांनी ती माती उचलली, त्यांची पोरं-नातवंडं माझगाव-डोंगरीच्या चाळींत वाढली. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोट उडाली, तेव्हा होरपळले तेही हेच लोक.

आता मला खुपणारी गोष्ट. तुमच्या गावी गायरान असतं. त्यावर गावाची गुरं चरतात, पोरं खेळतात, भांडणंही होतात. त्या भांडणांतच गायरान आपलं असल्याचा पुरावा असतो. आमची ही जागा दीडशे वर्षं सार्वजनिक आहे, पण तिथे आमची गुरं कधी चरली नाहीत. कंपनीकडून ती सरकारकडे गेली, सरकारकडून विश्वस्तांकडे, विश्वस्तांकडून भाडेपट्ट्याने वखारवाल्यांकडे. सरकारी आणि सार्वजनिक हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी इतके सहज वापरतो, की त्यांच्या मधोमध एवढी मोठी भिंत उभी आहे हे दिसतच नाही. कंपनी परवडली असती, असं मला मुळीच म्हणायचं नाही. सरकारने ती खरेदी केली हे उत्तमच झालं. पण आपल्या इतिहासकारांनी खरेदीच्या तारखेवर पूर्णविराम दिला. माझी विनंती आहे, त्या तारखेनंतरचे भाडेपट्टे वाचा. गव्हर्नरांची भाषणं पुष्कळ वाचून झाली. आणि मांडवी-माझगावच्या कोळ्यांच्या होड्या जिथे टेकत होत्या, तिथल्या भरावात त्यांच्या वाट्याला काय आलं, यावर कुणीतरी चांगला निबंध लिहा. त्याच्या छपाईचा खर्च मी देईन. हे मी साक्षीदारांसमोर बोलतो आहे.

उद्या दुपारी आपल्याला भाऊच्या धक्क्यावर न्यायचं ठरलं आहे. भाऊ म्हणजे लक्ष्मण अजिंक्य, लोक त्यांना भाऊ रसूल म्हणत. कोकणातून येणाऱ्या उतारूंना चिखल तुडवायला लागू नये म्हणून त्यांनी धक्का बांधला. तो जुना धक्का भरावात गेला, जागा बदलली, मालक बदलले, सरकारी पाटीवर फेरी व्हार्फ आलं, पण रेवसला जाणारा माणूस तिकीट आजही भाऊच्या धक्क्यावरचंच मागतो. या किनाऱ्यावर साध्या माणसाला थेट पाण्यापर्यंत जाता येतं अशा मोजक्या जागांपैकी ती एक.

बस बरोबर साडेतीनला सुटेल. टोपी घ्या, तिथे सावली नाही.