शेजारधर्माचा धडा
(स्नेहसंमेलनातील भाषण)



कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत ते शिकले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी शेतकऱ्याची भूमिका केली, १९२७ साली ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शन केले आणि १९२९ मध्ये सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ उभी केली.

१९४१ साली त्यांनी ‘शेजारी’ काढला. पाटील आणि मिर्झा हे जिवलग शेजारी. धरणाच्या कामातून त्यांच्यात फूट पाडली जाते. ते पुन्हा एक होतात, पण धरण फुटताना, मरणाच्या दारात! हिंदी ‘पडोसी’त हिंदू ठाकूर मझहर खान यांनी, तर मिर्झा गजानन जागीरदार यांनी रंगविला.

दुसऱ्याची भूमिका वठवायची तर त्याची बोली, त्याचे दुःख आपलेसे करावे लागते. शिक्षण तरी दुसरे काय शिकविते? आपल्या सोलापूरचे धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन १९३१ मध्ये एकाच दिवशी फासावर गेले. पालकहो, मुलांना शेजाऱ्याच्या घरी जाऊ द्या. समेटासाठी धरण फुटण्याची वाट पाहू नका.