बोटीतले काटे, पडदा आणि आपली नजर

हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापायची असेल तर थापा, पण कान इकडे द्या.

मी परिचारिका आहे. नर्मदाकाठच्या पाड्यांवर लसीकरणाला, बाळंतिणींना बघायला बरीच वर्षं फिरते आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत, सरदार सरोवराचं पाणी डोंगरांच्या मधे शिरलेलं आहे. मणिबेलीपासून वर काठाकाठाने जी गावं आहेत, तिथे रस्ता म्हणजे बोट. बाजाराला बोट, दवाखान्याला बोट, माहेरी जायलाही बोट. तरंगता दवाखानाही तुम्ही पाहिला असेल. म्हणून आज बोलायचं आहे ते बोटीत चालवणाऱ्याच्या समोर जी गोल घड्याळं आणि पडदे असतात, त्यांच्याबद्दल. तुम्ही म्हणाल, आपल्याला कुठे बोट चालवायची आहे? पण बसायचं तर आपल्यालाच आहे ना.

एक प्रसंग सांगते. भाद्रपदातली संध्याकाळ. एका पाड्यावर पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या होत्या. तिला घेऊन आम्ही एका खाजगी डिझेल बोटीत बसलो. काठावर जीप उभी राहणार होती, तिथून पुढे दवाखाना. पाण्यावर अंधार उतरत होता. माझं लक्ष सगळं पोरीच्या पोटावर. तेवढ्यात तिच्या सासूने माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाली, “बाई, तो काटा बघा. निघालो तेव्हा मधे होता. आता लाल पट्ट्याला टेकलाय.”

मी बघितलं. खरंच. पण मी काय केलं माहिती आहे? गप्प बसले. वाटलं, दादा रोज बोट चालवतात, त्यांना कळत असेल. पण सासूबाईंना राहवलं नाही. त्या मोठ्याने म्हणाल्या, “दादा, तुमचा तो काटा चढलाय, बघा तरी.” दादा समोरच्या अंधारात बघत होते, काट्याकडे त्यांची नजर गेलीच नव्हती. त्यांनी लगेच वेग कमी केला, मग इंजिन बंद केलं. बोटीच्या बुडातून थंड पाणी आत घेणारी जी नळी असते, तिच्या जाळीत गवत आणि प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती. खलाशाने वल्ह्याने बोट सांभाळली, दादांनी जाळी साफ केली, इंजिन निवू दिलं. वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं मी विसरले नाही. पण इंजिन मधेच जाम झालं असतं तर रात्रभर पाण्यात राहिलो असतो. पोर दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. ते बाळ आता अंगणवाडीत जातं.

त्या दिवसापासून मी बोटीत बसले की आधी काटे बघते. दादांना विचारून विचारून शिकले. ते तुम्हाला सांगते.

पहिला काटा गरमीचा. इंजिन किती तापलं ते तो सांगतो. सुरू करताना खाली असतो, हळूहळू चढतो आणि एका जागी थांबतो. ती त्याची रोजची जागा. तिथून वर सरकायला लागला की समजायचं, थंड पाणी नीट फिरत नाही. अशा वेळी तापलेल्या इंजिनाच्या पाण्याचं झाकण घाईने उघडायचं नाही. वाफ अंगावर येते, हात-तोंड भाजतं. आपण कुकरचं झाकण उघडतो का शिट्टी न काढता? तसंच हे.

दुसरा काटा तेलाच्या दाबाचा. इथे तेल म्हणजे डिझेल नाही, इंजिनाच्या आत वंगण म्हणून फिरणारं ऑइल. इंजिन सुरू झालं की काही क्षणांत हा काटा वर आला पाहिजे. चालता चालता एकदम खाली पडला तर वाट बघायची नाही, इंजिन बंद करायचं. गरमीचा काटा चढला तर थोडा वेळ तरी मिळतो. ऑइलचा काटा पडला तर तोही मिळत नाही.

तिसरा काटा बॅटरीचा. साधारण बारा व्होल्टची बॅटरी असते. इंजिन चालू असताना काटा चौदाच्या आसपास असला की बॅटरी भरते आहे. इंजिन चालू असूनही बाराच्या खाली चालला तर ती भरत नाही, नुसती रिकामी होते आहे. मग दिवा जातो, पडदा जातो आणि बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही.

चौथा डिझेलचा. हा काटा थोडा लबाड. बोट हलली की टाकीतलं डिझेल हलतं आणि काटाही नाचतो. म्हणून जाणते नावाडी निघण्याआधी टाकीत पट्टी बुडवून बघतात. त्यांचा हिशोब तीन वाट्यांचा. एक वाटा जायला, एक वाटा यायला आणि एक वाटा अडचणीला. घरात पीठ संपायच्या आधी आपण दळण टाकतो, त्यातलाच हा प्रकार.

आता एक सोपी युक्ती. काटा नेहमी जिथे थांबतो, तिथे काचेवर टिकली चिकटवायची. हो, आपल्या कपाळाची टिकली. आमच्या दादांच्या बोटीत आम्ही ती लावली. ते आधी हसले. आता स्वतःच म्हणतात, “बाई, काटा टिकलीवर आहे, बसा.” आकडा वाचता आला नाही तरी चालतं. काटा टिकलीपासून हलला की विचारायचं.

पुढे येतो पडदा. काही बोटींत खोली मोजायचं यंत्र असतं. बोटीच्या बुडाला बसवलेला एक भाग पाण्यात आवाज सोडतो. तो आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो तळाला आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. तळ 30 मीटर खाली असेल तर जाऊन-येऊन 60 मीटर, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. यंत्र तेवढ्या वेळावरून खोली सांगतं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आकडा फुटात आहे की मीटरमध्ये, ते विचारा. 3 फूट आणि 3 मीटर यांत बोट बुडाला लागायचा फरक आहे. आणि हे यंत्र फक्त खाली बघतं. पुढे दहा हातांवर पाण्याखाली उभं असलेलं झाडाचं खोड त्याला दिसत नाही.

आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 138.68 मीटर असते. 2019 च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा इतकं भरलं. धरणाची नेहमीच्या वापरातली सर्वांत खालची पातळी 110.64 मीटर धरलेली आहे. म्हणजे दोन्हींत 28 मीटरचा फरक, आठ-नऊ मजली इमारतीएवढा. पाणी जितकं उतरतं, तितक्या बुडालेल्या टेकड्या, जुनी झाडं, जुन्या वस्त्यांची जोती पाण्याच्या पृष्ठाजवळ येतात. पावसाळ्यात जिथून बोट सरळ गेली, तिथून उन्हाळ्यात जाईलच असं नाही. जीपीएसच्या पडद्यावर मागच्या फेरीची रेघ दिसते आणि तीच धरून जायचा मोह होतो. पण रेघेला पाणी उतरलेलं माहीत नसतं. ते काठावरच्या माणसाला माहीत असतं.

आणि रडार? आपल्या लाकडी बोटींवर सहसा ते नसतं. मी ते पाहिलं रत्नागिरीला. आमची सहल मिरकरवाडा बंदरावर गेली होती. तिथल्या एका मोठ्या बोटीच्या तांडेलांनी आम्हा बायकांना केबिनमध्ये बोलावून दाखवलं. काळा पडदा, त्यावर गोल गोल कडी, आणि त्यात उजळ ठिपके.

रडार म्हणजे काय, ते रेडिओ ऐकणाऱ्याला लवकर समजतं. माझा आवाज आत्ता तुमच्या घरात ज्या लहरींवर बसून येतो आहे, त्याच जातीच्या लहरी रडार सोडतं. डोंगर, किनारा, लोखंडी जहाज असं काही आडवं आलं की लहरी आपटून परत येतात. डोंगरात हाक मारली की साद येते, तसं. पण या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. तीन किलोमीटरवरच्या जहाजाची साद यायला सेकंदाचा पन्नास हजारावा भाग लागतो. डोळ्याला रात्री, धुक्यात दिसत नाही ते त्याला दिसतं.

पडद्याच्या मधोमध आपण. एकेक कडं म्हणजे ठरावीक अंतर. बहुतेक वेळा पडद्याची वरची बाजू म्हणजे आपल्या बोटीचं तोंड. तांडेल म्हणाले, “ठिपका किती मोठा ते बघू नका, तो सरकतो कसा ते बघा.” ठिपका एकाच दिशेला राहून जवळ जवळ येत असेल तर टक्कर होणार. दिशा बदलत गेली तर तो बाजूने निघून जाईल. हे रडार नसलेल्या बोटीतही उपयोगाचं आहे. समोरून येणारी बोट आपल्या बोटीच्या एकाच खांबाच्या रेषेत राहून मोठी होत असेल, तर वेळेवर ओरडा. रात्रीचे दिवे असतील तर बोटीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. दोन्ही एकदम दिसले तर ती थेट आपल्यावर येते आहे.

रडारलाही सगळं दिसत नाही. डोंगराआडचं दिसत नाही. जोराच्या पावसात पडदा पांढरा होतो. पाण्याखालचं काहीच दिसत नाही. आणि लाकडी होडीवरून साद फार क्षीण येते. म्हणून समुद्रातल्या छोट्या होड्या धातूचे पत्रे काटकोनात जोडून डोलकाठीवर लावतात, म्हणजे मोठ्या जहाजाच्या रडारला त्या दिसाव्यात. शिवाय आता मासेमारी बोटींवर इस्रोने तयार केलेली यंत्रं बसवत आहेत. त्यांतून उपग्रहामार्फत संकटाचा निरोप किनाऱ्याला जातो. एक लाख बोटींच्या त्या योजनेची सुरुवात 30 ऑगस्ट 2024 ला आपल्याच राज्यात, पालघरला झाली.

बायांनो, एवढी यंत्रं सांगितली, पण एक गोष्ट कुठलाच काटा सांगत नाही. बोटीत माणसं किती बसली ते. 2019 च्या संक्रांतीला भुषा इथे नर्मदेत प्रवाशांनी भरलेली बोट उलटली. सणाला निघालेली आपली माणसं गेली, लेकरं गेली. त्या घरांत संक्रांत आता कशी येत असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

म्हणून सगळ्यांत जुनं मोजमाप विसरू नका. बोटीची कड आणि पाणी यांच्यातलं अंतर. रिकामी बोट असताना कडेपासून पाणी किती खाली आहे ते बघून ठेवा. भरल्यावर ते किती राहिलं ते बघा. लाट सहज आत येईल एवढं कमी वाटलं, तर उतरा आणि दुसऱ्या फेरीने जा. बाजार अर्ध्या तासाने उघडा सापडेल.

बसण्याआधी पाच प्रश्न विचारा. दादा, आज किती माणसं घेणार? जीवरक्षक जॅकेट सगळ्यांना आहेत का, लेकरांच्या मापाची आहेत का? डिझेल परतीचं आहे का? काटे चालू आहेत का? पाणी किती उतरलंय, कोणत्या वाटेने नेणार? हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. देशात 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. इंजिनाच्या बोटींची नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याचं प्रशिक्षण आणि विमा यांची तरतूद त्यात आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत हे प्रश्न वहीत लिहा. ग्रामसभेत धक्क्यावर फलक लावायला सांगा: या बोटीत किती माणसं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेवढ्या माणसांची चित्रं काढा.

चालवणाऱ्या दादांचा मान आपण ठेवतोच. त्यांच्या दोन डोळ्यांना समोरचं पाणी बघायचं असतं. मागे बसलेल्या आपण वीसजणी आहोत. त्यांतल्या एकीने काट्याकडे बघितलं तर काय बिघडलं? त्या संध्याकाळी मी शिकलेली असून गप्प बसले, आणि कधी शाळेत न गेलेली सासूबाई बोलली. तिच्या बोलण्याने दोन जीव काठाला लागले.

पुढच्या वेळी बोटीत बसाल तेव्हा पर्समध्ये टिकलीचं पाकीट असू द्या. आणि तोंड उघडं असू द्या.