श्वासाची लय आणि मस्तकाची हालचाल

एमआरआय यंत्राच्या नळीत निजलेल्या माणसाला आपण सांगतो, ‘डोके हलवू नका.’ ‘श्वास घेऊ नका’, असे मात्र सांगता येत नाही. माझ्या आजच्या विषयाचे मूळ येथेच आहे.

रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार एमआरआयचा संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये दाखविले. कार्यरत मेंदूचे निरीक्षण करण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. परंतु हा बदल फार थोडा असतो. मस्तक मिलिमीटरच्या काही अंशाने हलले तरी तो झाकोळतो. अशा हालचालींमुळे मेंदूच्या विविध भागांतील परस्परसंबंधांचे चित्र विकृत होते, हे 2012 मध्ये अनेक संशोधकांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. तेव्हापासून ठरावीक मर्यादेहून अधिक हालचाल असलेल्या प्रतिमा वगळण्याची पद्धत रूढ झाली. ही मर्यादा कित्येकदा 0.2 मिलिमीटर इतकी कडक असते.

पण मोजलेली हालचाल खरी असते काय? श्वासाबरोबर छाती फुगते, फुप्फुसांतील हवा कमी-अधिक होते आणि यंत्राचे चुंबकीय क्षेत्र मस्तकाच्या ठिकाणीही किंचित ढळते. प्रत्येक बिंदूचे स्थान यंत्र या क्षेत्रावरूनच ठरविते. साहजिकच प्रतिमा एका विशिष्ट दिशेने सरकल्यासारखी दिसते. पाण्यावर तरंग उठले की तळाचा दगड हलल्याचा भास व्हावा, तसाच हा प्रकार.

हा भास ओळखावा कसा? त्याला श्वासाची लय असते. विश्रांत अवस्थेतील प्रौढ माणूस मिनिटाला साधारणतः 12 ते 18 वेळा श्वास घेतो. छातीला बांधलेल्या पट्ट्याने ही लय नोंदविता येते. सेकंदाहून कमी वेळात संपूर्ण मेंदूची प्रतिमा घेतली, तर तीच लय हालचालींच्या आलेखातही स्पष्ट दिसते. तेवढ्या कंपनसंख्येचा पट्टा गाळून टाकल्यास हालचालींचा अंदाज अधिक विश्वसनीय होतो, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले.

तथापि सावधगिरी हवी. श्वासाबरोबर डोके कधी कधी खरोखरच हलते. शिवाय दीर्घ श्वासाने रक्तातील कर्बवायूचे प्रमाण बदलते व मेंदूचा रक्तप्रवाहही बदलतो. हा परिणाम अशा गाळणीने दूर होत नाही.

हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हे. निश्चल पडून राहिलेल्या एखाद्या बालकाची वा रुग्णाची माहिती निव्वळ त्याच्या श्वासामुळे बाद ठरली, तर मेंदूविषयीच्या आपल्या ज्ञानातून त्याचीच नोंद पुसली जाते. खोटी हालचाल ओळखणे हे खरी हालचाल पकडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.