मोजण्याआधीचा करार



युरोपीय देशांच्या पोलिसी नोंदी एका कोष्टकात मांडल्या की बलात्काराच्या रकान्यात स्वीडन सर्वांत वरच्या देशांत दिसतो, आणि तो देश स्त्रियांसाठी सर्वांत धोक्याचा आहे असा निष्कर्ष राजकीय सभांतून जगभर फिरतो. आकडा खोटा नाही, पण तो ज्या नियमांनी तयार होतो ते नियम इतर अनेक देशांत नाहीत. स्वीडनमध्ये तक्रार येताच ती आकडेवारीत जाते, पुढे तपासात गुन्हा घडलाच नव्हता असे निघाले तरी. पतीने वर्षभर अत्याचार केल्याचे पत्नीने सांगितले, तर प्रत्येक प्रसंग स्वतंत्र मोजतात. २००५, २०१३ आणि २०१८ मध्ये कायद्यातली व्याख्या रुंदावत गेली. जर्मनीत मात्र पोलीस तपास पुरा करून प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवतात तेव्हा मोजणी होते. अशा दोन आकड्यांची वजाबाकी करणाऱ्याच्या हाती येतो तो दोन कार्यालयांच्या रिवाजांमधला फरक. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजतो, त्यामुळे बलात्कार करून केलेला खून खुनाखाली जातो. हे ठाऊक नसलेल्याने भारत आणि स्वीडन यांची तुलना करू नये.

खुनाचे तरी तसे नाही, असे कोणी म्हणेल. मृतदेह लपत नाही, व्याख्याही सगळीकडे जवळपास सारखी. हा आक्षेप बराचसा खरा आहे, म्हणूनच तुलनेसाठी अभ्यासक आधी खुनाकडे वळतात. पण १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानातील चेंगराचेंगरीत गेलेले ९६ बळी इंग्लंडच्या आकडेवारीत मार्च २०१७ अखेरच्या वर्षात सदोष मनुष्यवध म्हणून आले, कारण न्यायचौकशीचा निर्णय २०१६ मध्ये लागला आणि तिथे मृत्यूचे वर्ष न धरता नोंदीचे वर्ष धरतात. ही टीप न वाचणाऱ्याला त्या वर्षी इंग्लंडमध्ये हत्येची लाट आली असेच वाटेल. नोंद करणारे हातही सारखे नसतात. २०१४ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या संस्थेला आढळले की पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच जात नव्हते. त्याच वर्षी या पोलिसी आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा विश्वासार्हतेचा दर्जा काढून घेण्यात आला. पुढे नोंदणी सुधारली तसा हिंसक गुन्ह्यांचा आकडा चढला. अशा चढाला मी पोलिसांचे यश म्हणेन.

म्हणून पीडितांनाच विचारायचे. १९८९ मध्ये यान व्हॅन डायक, पॅट मेह्यू आणि मार्टिन किलियास या गुन्हेअभ्यासकांनी अनेक देशांत एकाच प्रश्नावलीने सर्वेक्षण सुरू केले, त्यामागे हाच विचार होता. यावर सर्वांत टोकदार आक्षेप २०१४ मध्ये पुढे आला. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २८ देशांतल्या सुमारे ४२ हजार स्त्रियांशी बोलून अहवाल दिला, त्यात पंधराव्या वर्षानंतर शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया डेन्मार्कमध्ये ५२ टक्के आणि पोलंडमध्ये १९ टक्के निघाल्या. समतेत पुढे असलेला देश हिंसेतही पुढे? टीकाकार म्हणाले, सर्वेक्षणही मोजते ते बोलण्याचे धाडस. अंशतः मान्य. जिथे घरातल्या मारहाणीला हिंसा म्हणायची सवय जडली आहे, तिथली स्त्री अनोळखी मुलाखतकारापुढेही ती सांगते. पण म्हणून सर्वेक्षण निरुपयोगी ठरत नाही. न सांगण्याचा हा संकोच किती आहे हे तपासायलाही तोच प्रश्न सर्वत्र, त्याच शब्दांत, पुन्हापुन्हा विचारावा लागतो. पोलिसांची नोंदवही एवढीही सोय देत नाही.

दुसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा: प्रत्येक देशाचे दंडविधान त्याच्या इतिहासातून आले, त्यावर ब्रसेल्सची व्याख्या का लादावी? लादावी लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१५ मध्ये स्वीकारलेले आंतरराष्ट्रीय गुन्हे वर्गीकरण कलमांची नावे बाजूला ठेवून प्रत्यक्ष काय घडले ते पाहते. देशाने आपली कलमे त्या चौकटीत बसवायची, कायदा तोच राहतो. काम किचकट आहे. एकच कलम दोन घरांत विभागावे लागते आणि जुनी मालिका तुटते. तरी पर्याय नाही, कारण युरोपीय अटक वॉरंट किंवा पीडितांच्या हक्कांचा निर्देश जवळपास सगळ्या सदस्य देशांसाठी सामायिक असताना त्यांचा परिणाम सत्तावीस वेगळ्या मापांनी पाहता येत नाही.

खर्चाचा प्रश्न उरतोच. २०११ मध्ये युरोपीय आयोगाने मांडलेले सामायिक सुरक्षा सर्वेक्षण युरोपीय संसदेने खर्चाचे कारण पुढे करून २०१२ मध्ये फेटाळले. माझ्या मते तो निर्णय चुकला. चोरी, घरफोडी आणि मारहाण यांची सामायिक मालिका तेव्हा सुरू झाली असती, तर एका दशकाच्या वादांना आधार मिळाला असता. स्त्रियांवरील हिंसेबाबत पुढे मार्ग निघाला. बहुतेक देशांनी युरोस्टॅट या युरोपीय सांख्यिकी कार्यालयाच्या चौकटीत, इटलीने स्वतःच्या सर्वेक्षणातून आणि उरलेल्या आठ देशांत मूलभूत हक्क संस्था व लिंगसमानता संस्थेने मिळून काम उरकले. २०२४ मध्ये आलेल्या निकालांनुसार साधारण तिघींपैकी एकीने हिंसा सोसली होती आणि सोसणाऱ्या आठजणींपैकी एकीनेच पोलिसांकडे तक्रार केली होती. हिंसेचे इतके कमी प्रसंग ज्या नोंदवहीपर्यंत पोहोचतात, तिच्यावरून देशांची क्रमवारी लावणे आता कोणत्याही सांख्यिकी कार्यालयाला परवडणारे नाही.