जुन्या देव्हाऱ्याचे पॉलिश



जुना सागवानी देव्हारा काळा पडला की त्यावर ऑइलपेंट फासण्याची घाई होते. त्याने नक्षी बुजते, शिवाय वाळवीही झाकली जाते. सातारा जिल्ह्यात मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातले लाकूडकाम ज्यांनी पाहिले, ते असे धाडस करणार नाहीत!

सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात देतात. देव्हाऱ्यालाही तेच मानवते. जुना हात स्पिरिटने सुटतो, त्यामुळे डागापुरती दुरुस्ती होते. आधी काजळी काढावी. नक्षीवर पॉलिशपेपर जोराने घासू नये. पावसाळ्यात काम काढू नये, दमट हवेत लाख पांढरी पडते. अभिषेकाचे पाणी सांडले तर लगेच पुसावे.